एका कूपनलिकेखालचे आठ हेक्टर: फरिदपूरच्या भातखाचरांतील आर्सेनिक

बांगलादेशातील फरिदपूर जिल्ह्यात एका उथळ कूपनलिकेच्या पाण्यावर आठ हेक्टरांवर बोरो भात घेतले जात होते. बोरो म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावायचे आणि एप्रिल-मेमध्ये कापायचे भात. त्या काळात पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे पाणी बहुतेक जमिनीखालून उपसावे लागते. ही कूपनलिका १६-१७ वर्षे चालल्यानंतर पनाउल्लाह, डक्सबरी आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी सलग दोन बोरो हंगाम तिच्या लाभक्षेत्रातील माती आणि पीक मोजले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाण्यात आर्सेनिक होते लिटरला ०.१३ मिलिग्रॅम. मातीत ते किलोला सुमारे १० मिलिग्रॅमपासून ७० मिलिग्रॅमपर्यंत आढळले. पाणी एकाच कूपनलिकेचे आणि भाताची जातही एकच, ब्री धान २९. तरीही आर्सेनिक कमी असलेल्या मातीत हेक्टरी ७ ते ९ टन उतारा पडला आणि आर्सेनिक सर्वाधिक होते तिथे २ ते ३ टन. संपूर्ण आठ हेक्टरांची सरासरी तूट मात्र १६ टक्केच भरली.

या सोळा टक्क्यांवर थोडे थांबायला हवे. एवढी तूट बियाण्यावर, खतावर किंवा हवेवर ढकलून मोकळे होता येते आणि बहुतेक ठिकाणी तेच होते. प्रत्यक्षात ती आठ हेक्टरांवर सारखी पसरलेलीच नव्हती. काही खाचरांचे पीक जवळजवळ दोन तृतीयांश बुडाले होते, तर काहींना धक्काही लागला नव्हता. आर्सेनिकाचे भातशेतीतील नुकसान असेच एकवटलेले असते. म्हणून तपासणीही खाचरागणिक व्हायला हवी आणि उपायही. सरासरीवर आखलेली योजना चांगल्या खाचरांवर पैसा उधळते आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना अपुरी पडते.

पाण्यातून किती आले

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना हिमालयातून आलेले आर्सेनिक चिकटलेले असते. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू प्राणवायू संपल्यावर याच ऑक्साइडांतील लोह वापरतात. लोह विरघळते आणि त्याच्यासोबत आर्सेनिक पाण्यात उतरते. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे आणि बांगलादेशचा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५० मीटरपेक्षा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांमध्ये आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर होते. ही बांगलादेशची पिण्याच्या पाण्याची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची १० आहे. फरिदपूरच्या या कूपनलिकेचे पाणी १३० मायक्रोग्रॅमचे, म्हणजे पिण्यासाठी उघडच बाद.

सिंचनासाठी ते तितके वाईट वाटत नाही, आणि फसगत इथेच होते. अन्न व कृषी संघटनेची सिंचनाच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. ०.१३ हा आकडा त्याच्या जरासा वर, एवढेच. पण त्याच तक्त्यात एक टीप आहे: आर्सेनिकाची विषबाधा सुदान गवताला लिटरला १२ मिलिग्रॅमला होते, तर भाताला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षाही कमीला होऊ शकते. सगळ्या पिकांसाठी ठरवलेली एक सरसकट मर्यादा भाताला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता बेरीज करू. बोरोला हंगामात एक मीटर पाणी लागते असे धरले, तर हेक्टरी १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी झाले. लिटरला ०.१३ मिलिग्रॅमने १.३ किलो आर्सेनिक दर हेक्टरी दर वर्षी येते. आठ हेक्टरांवर वर्षाला सुमारे १०.४ किलो. नांगरटीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर, घनता १.३ धरून, हेक्टरी सुमारे १,९५० टन भरतो. त्यात १.३ किलो सारखे मिसळले तर माती दर वर्षी किलोला ०.६७ मिलिग्रॅमने चढेल आणि १६-१७ वर्षांत ११ मिलिग्रॅमच्या आसपास. मूळची १० धरली तर सरासरी २१ यायला हवी. मग ७० कुठून आले?

पहिल्या खाचरात काय घडते

कूपनलिकेतून बाहेर पडणारे पाणी नितळ असते. पाटातून वाहताना हवा लागली की ते हळूहळू पिवळट, गढूळ होते. पाटाच्या तळाला आणि पहिल्या खाचरातील भाताच्या बुडख्यांना तांबूस, बोटाला लागेल असा साका बसतो. विरघळलेले लोह हवेत येऊन गंजाच्या रूपात खाली बसते आणि बसताना पाण्यातील आर्सेनिक आणि स्फुरद (फॉस्फरस) स्वतःला चिकटवून घेते. बोट लावून पाहता येणारा हा साकाच या प्रकरणाचे मूळ आहे.

पाणी एका खाचरातून बांध फोडून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे जात असेल, तर पहिले खाचर पुढच्या सगळ्यांच्या पाण्याची गाळणी होते. कालव्यावर नेहमी टेलच्या, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याचे हाल होतात. इथे हेडच्या शेतकऱ्याचे. पाणी त्याला पहिले आणि भरपूर मिळते, आणि विषही. खाचराच्या आतसुद्धा हाच उतार दिसतो: पाण्याच्या तोंडापाशी आर्सेनिक सर्वाधिक, समोरच्या कोपऱ्यात सर्वांत कमी. तोंडाशी १० वरून ७० झाले, म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन मिलिग्रॅमची भर पडली. सरासरीच्या पाचपटींहून जास्त.

साध्या ताळेबंदावरून अभ्यासकांनी असे मांडले की पाण्यातून आलेल्या आर्सेनिकापैकी ९६ टक्के मातीतच राहिले. हा हिशेब पाण्यातील आर्सेनिकाची अभ्यासाच्या वेळची पातळी सगळ्या वर्षांना लावून केलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. सगळीकडे इतके टिकते असेही नाही. ढाक्याजवळच्या श्रीनगर येथे पावसाळ्यात शेते महापुराच्या पाण्याखाली असतात. तिथे दर वर्षी सिंचनातून येणाऱ्या आर्सेनिकापैकी १३ ते ४६ टक्के पुराच्या पाण्यात परत जाते, असे २०१० च्या अभ्यासात दिसले. म्हणजे बंदिस्त बांध घालून पूर अडवला, की ही नैसर्गिक धुलाईही थांबते. पूरनियंत्रणाचे काम करणाऱ्यांनी ही बाजू विचारात घ्यायला हवी.

भातच का

त्याच मातीत गहू घेतला तर त्रास बराच कमी होतो. हवेशीर मातीत आर्सेनिक आर्सेनेटच्या रूपात लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट धरून बसते. चिखलणी करून पाणी साठवले की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो, मग नायट्रेट, मग मँगनीज, आणि शेवटी लोहाची पाळी येते. लोह विरघळते, आर्सेनिक सुटते आणि आर्सेनाइट होते. आर्सेनाइटवर नेहमीच्या सामूला (पीएचला) विद्युतभार नसतो आणि त्याचा रेणू सिलिकॉनच्या आम्लासारखा असतो. भात सिलिकॉनचा मोठा भोक्ता, त्यासाठी त्याच्या मुळांत खास वाटा असतात. २००८ मध्ये जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लसी-१ आणि लसी-२ या सिलिकॉनच्या वाहकांतूनच आर्सेनाइट आत शिरते. आर्सेनेट शिरते ते स्फुरदाच्या वाटेने. मातीतले एक रसायन पाण्याखाली सुटे होते आणि नेमके हेच पीक त्याला दार उघडते, म्हणून भाताची ही गत.

आत आलेले बहुतेक आर्सेनिक मुळांत अडते. त्याहून कमी पेंढ्यात आणि सर्वांत कमी दाण्यात पोहोचते. पेंढा जनावरांच्या दावणीला जातो, त्यामुळे तपासणी दाण्यावर संपवणे चूक आहे. आणखी एक गोष्ट: मातीत आर्सेनिक दुप्पट झाले म्हणून दाण्यात दुप्पट होत नाही, वर जाताना चढ मंदावतो. त्यामुळे दाण्याचा अहवाल बरा आला याचा अर्थ शेत ठीक आहे असा लावू नये. उतारा त्याआधीच घटलेला असू शकतो.

निदान: कशाची गल्लत होते

तोंडाजवळच्या पट्ट्यात भात खुजे राहते, फुटवे कमी येतात, फुलोरा लांबतो. लोंब्या भरत नाहीत, पळींज वाढते. काही वेळा लोंबी वाकतच नाही, ताठ उभी राहते आणि टरफल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे होते. ही ताठ लोंबीची विकृती अमेरिकेच्या दक्षिण भागात, पूर्वी कापसावर आर्सेनिकयुक्त तणनाशके मारलेल्या जमिनींत, चांगलीच परिचित आहे. जिवाणू आर्सेनिकाला मिथाइल गट जोडतात, आणि तसे तयार झालेले डायमिथाइल रूप या वांझपणाशी जोडले जाते.

जस्ताच्या कमतरतेशी सर्वांत जास्त गल्लत होते. फरक वेळेचा आहे. जस्ताची लक्षणे लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत जुन्या पानांवर गंजासारख्या ठिपक्यांनी दिसतात आणि झिंक सल्फेट दिल्यावर पीक सावरते. आर्सेनिकाचा पट्टा झिंकने सावरत नाही आणि तो पाण्याच्या तोंडाशी बांधलेला असतो. दर वर्षी जागा तीच आणि आकार थोडा वाढलेला, ही खूण फार महत्त्वाची.

दुसरी अडचण जास्त किचकट आहे. तोंडाजवळ फक्त आर्सेनिक साचत नाही. फरिदपूरमध्ये तिथे लोह, मँगनीज आणि स्फुरदही साचले होते. मग दोष कोणाचा? स्फुरद वाढल्याने पीक सुधारायला हवे होते, ते उलट पडले, म्हणून संशय आर्सेनिकाकडे जातो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. खरी कसोटी मातीच बदलून पाहण्याची: त्याच खाचरात शेजारी शेजारी दोन प्लॉट, एकात मूळची माती, दुसऱ्यात वरचा थर काढून कमी आर्सेनिकची माती, आणि दोन्हीला तेच पाणी, तीच रोपे, तेच खत. फरिदपूर भागात अशा जोड-प्लॉटांवर काम झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने मातीतील आर्सेनिकामुळे बांगलादेशातील बोरो उत्पादनाची घट ७ ते २६ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला.

नमुने घेताना

शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून माती घेऊन एकत्र करण्याची नेहमीची पद्धत इथे मोडावी लागते. ७० आणि १० एकत्र कालवले की शेत सुखरूप वाटते. आधी लाभक्षेत्राचा हाताने नकाशा काढावा आणि खाचरांना पाणी ज्या क्रमाने मिळते त्या क्रमाने नंबर द्यावेत. पहिल्या दोन-तीन खाचरांत तोंडापासून २, १०, २० आणि ४० मीटरवर वेगळे नमुने घ्यावेत, पुढच्या खाचरांत तोंडाजवळचा एक आणि लांबचा एक पुरतो. प्रत्येक नमुना एक मीटरच्या परिघातील आठ-दहा टोचांचा असावा, खोली ० ते १५ सेंटिमीटर. दोन-तीन ठिकाणी १५ ते ३० आणि ३० ते ४५ सेंटिमीटरचेही नमुने घ्यावेत; पुढे माती उलटायची झाली तर त्यावरच निर्णय होतो. ज्या शेताला या कूपनलिकेचे पाणी कधीच मिळालेले नाही, तिथला एक नमुना तुलनेसाठी हवाच.

पाण्याचा नमुना बहुतेकदा घेतानाच बिघडतो. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून मग बाटली भरावी, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे आणि तिथल्या तिथे नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणावा. आम्ल न घालता बाटली प्रयोगशाळेत नेली तर वाटेत लोह तळाला बसते, आर्सेनिक त्याला चिकटते आणि वरचे पाणी तपासून अहवाल ‘कमी’ येतो.

माती सावलीत वाळवावी, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी आणि बारीक दळावी. अम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) पचवताना नमुना कोरडा होऊ देऊ नये, कारण आर्सेनिक ट्रायक्लोराइड १३० अंशांना उकळते आणि उडून जाते. आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्ये वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर मोजताना अम्लराजातील क्लोरिन आणि यंत्रातील आर्गॉन मिळून ७५ वस्तुमानाचा आयन बनतो, नेमका आर्सेनिकाच्या वस्तुमानाचा. असे जोड-आयन अडवणारी हेलियमची टक्कर-पेटी वापरली नाही तर आकडा फुगतो. आर्सेनिकाचा वायू करून मोजण्याच्या हायड्राइड पद्धतीत आधी पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने सगळे आर्सेनिक एका रूपात आणावे लागते. ही पायरी घाईत उरकली की आकडा पडतो. हातातले एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे) यंत्र शेतात झटपट नकाशा काढायला उत्तम, मात्र ओल्या मातीवर ते कमी दाखवते आणि शिसे जास्त असेल तर दोन्हींच्या रेषा एकमेकींवर येतात. प्रत्येक तुकडीत प्रमाणित संदर्भ माती, म्हणजे आर्सेनिक किती आहे हे आधीच ठाऊक असलेली माती, तपासली होती का, हे प्रयोगशाळेला विचारायला संकोच करू नये.

उपाय, आम्ही ज्या क्रमाने करू त्या क्रमाने

पहिले, तोंडाजवळच्या एक-दोन खाचरांत बोरो थांबवणे. तिथे २ ते ३ टन पिकवण्यासाठीही पाणी, खत, मजुरी तीच लागते. गहू किंवा मका घेतला तर दोन फायदे होतात. माती हवेशीर राहून आर्सेनिक बांधलेले राहते, आणि पाणी कमी लागते. गव्हाला ३०० मिलिमीटर धरले तर हेक्टरी १.३ किलोऐवजी सुमारे ०.४ किलो आर्सेनिक येईल. पावसाळी आमन भात मात्र त्याच जमिनीत पुन्हा पाण्याखाली जाईल, हे विसरू नये.

दुसरे, पाण्याची वाट बदलणे. खाचरातून खाचरात पाणी न सोडता कडेने पाट काढून प्रत्येकाला वेगळे तोंड द्यावे. पाट लांब आणि रुंद ठेवला, वाटेत एखादा उथळ साठवण हौद केला, तर बराचसा साका तिथेच बसतो. हौदातला गाळ मात्र बाहेर काढून बांधावर किंवा शेतात टाकणे म्हणजे केलेले काम उलटवणे. तो भाताच्या पाण्याखाली येणार नाही अशा उंच जागीच टाकावा.

तिसरे, आलटून पालटून ओले-कोरडे. ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा, भोके पाडलेला पाइप निम्मा जमिनीत रोवून आतली माती काढावी. पाइपातील पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेले की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरावे. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरुवात करावी. फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर ते नंतर आठवडाभर पाणी तोडू नये. या पद्धतीकडून अवाजवी अपेक्षा ठेवल्या जातात. भारी चिकण मातीत पृष्ठभाग भेगाळतो पण मुळांची जागा ओलीच राहते, त्यामुळे आर्सेनिक फारसे बांधले जात नाही. खरा लाभ पाणी वाचल्यामुळे कमी आर्सेनिक येण्याचा. अधिक कडक वाळवण केली तर उतारा घटतो, आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियम हा विषारी धातू दाण्यात चढू लागतो. गंगेच्या पूरमैदानातील माती चुनखडीयुक्त असल्याने तो धोका तिथे कमी आहे. हा उपाय दुसऱ्या भागात नेण्याआधी मातीचा सामू तपासलाच पाहिजे.

गादीवाफ्यावरचे भात हा याचा पुढचा टप्पा. वाफ्याची माती हवेशीर राहते, पाणी सरीत असते. तणांचा जोर वाढतो, त्याची तजवीज आधी करावी.

माती उलटणे हा अवजड उपाय. खालचा कमी आर्सेनिकचा थर वर आणून वरचा खाली गाडायचा. फरिदपूर भागात तो करून पाहिला गेला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आले: वरच्या थरातील आर्सेनिक सुमारे ४० टक्क्यांनी घटले, उतारा १५ ते ३० टक्क्यांनी वाढला. सेंद्रिय कर्ब आणि नत्रही सुरुवातीला घटतात, त्यामुळे पहिल्या हंगामात शेणखत आणि नत्राची भरपाई हवी. खालच्या थराचा अहवाल हातात नसताना हे करू नये. आणि पाणी तेच राहणार असेल तर तोंडाशी वर्षाला साडेतीन मिलिग्रॅमच्या गतीने माती पुन्हा चढेल. उलटणी केलीच तर पाण्याची वाट बदलण्यासोबतच करावी.

सिलिकॉन आर्सेनाइटशी मुळाच्या दारात स्पर्धा करतो, म्हणून भाताचे तूस जमिनीत घालण्याला अर्थ आहे. तुसात सिलिकॉन भरपूर आणि आर्सेनिक कमी. पेंढा गाडणे ही वेगळी गोष्ट. पेंढ्यातले आर्सेनिक परत जमिनीत जाते, आणि ताजे सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू आणखी लवकर संपवते. बाधित खाचरांचा पेंढा तिथे गाडू नये आणि तपासल्याशिवाय जनावरांनाही घालू नये. जास्तीचा स्फुरद देऊन आर्सेनिक रोखण्याचा सल्ला आम्ही देणार नाही: तो मुळाशी आर्सेनेटला अडवतो खरा, पण मातीच्या कणांवरून आर्सेनिकाला हुसकून द्रावणातही आणतो, आणि पाण्याखालच्या मातीत मुख्य रूप आर्सेनाइटचे असते, ज्याची वाट वेगळीच आहे.

दाण्याची तपासणी असेंद्रिय आर्सेनिकाची मागावी, केवळ एकूण आर्सेनिकाची नव्हे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळाला किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि तूस काढलेल्या, बिनपॉलिशच्या तांदळाला ०.३५ मिलिग्रॅम आहे, दोन्ही असेंद्रिय रूपासाठी. बाधित आणि चांगल्या खाचरांचे धान्य मळणीपासूनच वेगळे ठेवावे. एकदा एकाच कणगीत गेले की कोणत्या खाचराचे काय, हे सांगता येत नाही. माती दोन-तीन वर्षांनी त्याच जागी, त्याच खोलीवर आणि त्याच महिन्यात पुन्हा तपासावी. कापणीनंतर, चिखलणीच्या आधी आणि आमनाचे पाणी चढण्यापूर्वी घेतलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात.